पलीकडच्या काठावरचा दवाखाना

माणसं अजून औषधं कुटायलाही शिकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी धवलराव बगळ्यांचा दवाखाना होता. तिथे रोग्यांना नावं नव्हती. "मोडका पंख आत घ्या, सुजलेली मान बाहेर बसवा," असा सगळा कारभार. राबणाऱ्या साळुंक्यांनाही ते "ए पहिली, ए दुसरी" असंच हाकारत.

एकेक करत साळुंक्या पलीकडच्या काठावर, कासवीणबाईंच्या दवाखान्यात निघून गेल्या. धवलरावांचा नुसता जळफळाट झाला. "म्हातारी चोरून गोड उंबरं चारत असणार! त्याशिवाय का कुणी आपल्याला सोडून जाईल?" ही लबाडी उघडी पाडायची म्हणून ते आजाऱ्याचं सोंग घेऊन लंगडत तिकडे गेले.

दारातूनच त्यांना एक साळुंकी दिसली. ती एका म्हाताऱ्या सशाला विचारत होती, "सोमाजीबाबा, आज झोप लागली का? नातू येऊन गेला?"

तेवढ्यात कासवीणबाई म्हणाल्या, "रंगू, सकाळपासून उभी आहेस. तू दोन घास खाऊन घे, बाबांजवळ मी बसते."

धवलरावांनी निरखून पाहिलं. अरे, ही तर आपली तिसरी! सोंगबिंग विसरून ते दोन्ही पायांवर ताठ उभे राहिले आणि ओरडले, "ए तिसरी, चल परत!"

दवाखान्यात कुणीच वळून पाहिलं नाही.