खोडलेल्या चार ओळी

ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे आणि शब्दही साधेच; शाळा आठवीत सुटली. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

“...मग चुकतंय कुठे, सर?”

कौस्तुभने तिसऱ्यांदा विचारलं. माहीमच्या आपल्या खोलीत इनास सर खिडकीशी बसून लसूण सोलत होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला सॅक्सोफोन वाजवण्यात त्यांची उभी हयात गेली. आता दात गेले, दम गेला. वाद्य कपाटावर धूळ खात पडलेलं.

“चुकतंय असं कोण म्हणतं?”

“वाद्यवृंदाचा कंडक्टर. चाळीस व्हायोलिनवाले आणि आम्ही चार जॅझवाले. जुन्या सिनेमांचं संगीत एकत्र वाजवायचं. पण ऐकताना वाटतं, शेजारच्या दोन घरांत दोन रेडिओ लागलेत. उद्याच्या तालमीत जमलं नाही, तर माझा सॅक्सोफोन काढून तिथे बासरी घेणार.”

“घेऊ दे की. बासरी गोड असते.”

कौस्तुभ कसनुसा हसला. या कार्यक्रमापायी त्याने दोन वर्षं दुसरं काही हातात घेतलं नव्हतं.

“सर, मी तुमचाच तुकडा वाजवतोय. त्या जुन्या रेकॉर्डवरचा. एक सूर इकडचा तिकडे नाही. ऐकून ऐकून सगळा लिहून काढलाय.”

त्याने पेन्सिलीने लिहिलेलं नोटेशन पुढे केलं. त्यात थोडी ऐट होतीच.

सरांनी चष्मा लावला. चार ओळींवरून त्यांचं बोट फिरलं आणि एका खुणेवर थांबलं.

“हे काय?”

“तुम्ही तिथे श्वास घेतलात. तोही टिपलाय.”

“श्वास नव्हता तो.”

“मग?”

सर लसणाची पाकळी बोटांत फिरवत राहिले...

“आमचं नोटेशन लिहिणारा या चार ओळी लिहायलाच विसरला होता. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला. साठ माणसं वाजवतायत. त्या काळी एक थांबला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. पान उलटलं तर कोरं. छातीत धस्स झालं बघ. त्याची ही खूण.”

“आणि?”

“आणि काय. सुचेल ते फुंकलं.”

“दोन वर्षं हे घोटतोय मी, सर.”

“दिसतंय. छान घोटलंयस. खोडरबर आहे?”

कौस्तुभने तो दिला. सरांनी चारही ओळी सावकाश खोडल्या. ती खूण तेवढी राहू दिली. मग रबराचा चुरा फुंकायला वाकले. फुंकर पुरली नाही. त्यांनी तो हाताने झटकला.

“आता इथे मी काय वाजवू?”

“मला विचारतोस?”

“एकदाच वाजवून दाखवा, सर. एकदाच.”

सरांनी तोंड उघडून बोळकं दाखवलं. हसलं कुणीच नाही.

कौस्तुभ जिना उतरला तेव्हा त्याला वाटलं, आलोच नसतो तर बरं होतं. होतं तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला. दाढी नाही, आंघोळ नाही. खांद्यावर वाद्याची पेटी, हातात तो कागद.

“नाही जमणार, सर. या कोऱ्या ओळी बघितल्या की हातपाय गार पडतात.”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“मग लवकर निघ. तालीम दहाला आहे ना?”