कापशीला हवी एवढीशी खिडकी

एक होतं मांजराचं पिल्लू. पांढरं पांढरं, मऊ मऊ. नाव तिचं कापशी.

कापशीच्या घरात होतं एक बाळ. बाळ लागलं रांगायला. धबक धबक, धबक धबक! निघालं थेट जिन्याकडे!

"अगं बाई, बाळ गडगडेल!" बाळाची आत्या ओरडली.

मग आले शिरपतमामा सुतार. ठाक ठुक, ठाक ठुक! जिन्याला लावलं फाटक.

बाळ थांबलं. पण कापशीही थांबली!

कापशीची आई होती जिन्यावर. फाटकाच्या पलीकडे. कापशी राहिली अलीकडे. फाटक उंच, दोघींचीही उडी पोचेना. फटीतून नुसती मिशी जाई.

"म्याऽऊ!" आई पलीकडून.

"मिऽऊ!" कापशी अलीकडून.

पोटात भूक, आणि आई पलीकडे!

कापशी फाटकाला म्हणाली,

"फाटकदादा, फाटकदादा,
मला आईकडे जाता येईना!
तुम्ही उघडा ना!"

फाटकदादा म्हणाला, "छे छे! मी उघडलो तर बाळ गडगडेल. मामांनी मला एवढीशी खिडकी पाडली, तर जा खुशाल!"

कापशी निघाली. तुरु तुरु तुरु!

"शिरपतमामा, शिरपतमामा,
फाटक उघडेना,
मला आईकडे जाता येईना!
तुम्ही खिडकी पाडा ना!"

मामा म्हणाले, "पाडतो की! पण बाळ जागं आहे. करवत दिसली की येतं धरायला! आधी बाळाला झोपू दे."

कापशी निघाली. तुरु तुरु तुरु!

"बाळा, बाळा,
मामा खिडकी पाडेनात,
फाटक उघडेना,
मला आईकडे जाता येईना!
तू झोप ना!"

बाळ म्हणालं, "नाऽऽही! पाळणा नाही, तर गाईगाई नाही!"

कापशी निघाली. तुरु तुरु तुरु!

"पाळणेबुवा, पाळणेबुवा,
बाळ झोपेना,
मामा खिडकी पाडेनात,
फाटक उघडेना,
मला आईकडे जाता येईना!
तुम्ही झुला ना!"

पाळणेबुवा म्हणाले, "झुलू कसा? माझी दोरी कुठाय? आत्याने नेली ती!"

कापशी निघाली. तुरु तुरु तुरु!

"आत्या, आत्या,
पाळणा झुलेना,
बाळ झोपेना,
मामा खिडकी पाडेनात,
फाटक उघडेना,
मला आईकडे जाता येईना!
तू दोरी दे ना!"

आत्या म्हणाली, "कशी देऊ गं बाई? फाटकाची कडी पडली. टिंग टिंग टिंग, गेली कपाटाखाली! म्हणून दोरीने बांधलंय फाटक. दोरी सोडली तर फाटक उघडेल, बाळ गडगडेल! कडी दे, दोरी घे!"

कापशी निघाली. तुरु तुरु तुरु!

"कपाटकाका, कपाटकाका,
आत्या दोरी देईना,
पाळणा झुलेना,
बाळ झोपेना,
मामा खिडकी पाडेनात,
फाटक उघडेना,
मला आईकडे जाता येईना!
तुम्ही सरका ना!"

कपाटकाका म्हणाले, "कोण, मी? मी सरकू? पोटात माझ्या पितळेची भांडी! मी नाही जागचा हलायचा!"

आता काय करायचं?

मामांनी हात घातला. हात जाडजूड, आत जाईना. आत्याने हात घातला. बांगड्या अडकल्या, पुढे जाईना.

"म्याऽऊ!" आई पलीकडून.

कापशी वाकली. कपाटाखाली अंधारगुडुप. पण आत काय चमकतंय? कडी!

कापशीने घातला आपला पंजा. एवढासा पंजा! सर्रकन गेला आत! खरड... खरड... खरड... टिंग!

आली कडी बाहेर!

"अगं ठमे!" आत्या म्हणाली. "तूच काढलीस की गं!"

मग काय विचारता!

मामांनी कडी ठोकली. ठाक ठुक, खट्ट!
आत्याने दोरी सोडली. सर्र सर्र सर्र!
दोरी पाळण्याला लागली. पाळणा झुलला. कुई कुई, कुई कुई!
बाळाने दिली जांभई. आऽऽऽ! एक डोळा मिटला. दुसरा डोळा मिटला. बाळ झोपलं.

श्शूऽऽ!

मामांनी करवत घेतली. आधी पाहिल्या कापशीच्या आईच्या मिश्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मिश्या मावल्या की मांजर मावलं!" मामा हळूच म्हणाले. "बाळाचं डोकं काही यातून जायचं नाही."

खर्र खुर्र, खर्र खुर्र! फाटकाला पडली एवढीशी खिडकी!

"जा बाई, जा खुशाल!" फाटकदादा म्हणाला.

कापशीचं डोकं गेलं.
कापशीचं पोट गेलं.
कापशीचं शेपूटही गेलं.
फुर्रकन पलीकडे!

"मिऽऊ!"

"म्याऽऊ! आलीस गं माझी कापशी!"

आईने चाटलं कान, चाटलं नाक. कापशी प्यायली दूध. चुट चुट चुट!

बाळ निजलं पाळण्यात. कापशी निजली आईपाशी.

फाटकाची कडी खट्ट,
आईला बिलगा घट्ट!