विटलेलं जंगल

“मास्तर, ते चित्र तुम्ही खिडकीसमोर का लावलंत?”

हुपरीकरनं चप्पल काढता काढताच विचारलं. नमस्कार त्यानं मागाहून केला.

रसूल मास्तर पलंगावर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बस की,” ते म्हणाले. “प्रोफेसर, तू पण बस. उभ्यानं कशाला भांडायचं?”

प्रोफेसर म्हणजे मी. प्रभाकर हुपरीकर आणि मी शाळकरी वयात एकाच वर्षी मास्तरांकडे चित्रं शिकायला लागलो. मी ते लवकरच सोडलं आणि पुढे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. हुपरीकर चित्रकार झाला, नावाजला. त्या दुपारी त्याला मास्तरांकडे एकट्यानं जायचं नव्हतं, म्हणून त्यानं मला सोबत नेलं. तिथे जे ऐकलं ते लिहितो आहे. त्यातलं मला किती कळलं, हे अजून सांगता येत नाही.

चित्र समोरच्या भिंतीवरच होतं.

छापील चित्र. शिश्किन या रशियन चित्रकाराचं, पाइनच्या जंगलातल्या सकाळचं. उन्मळून मोडलेलं झाड, त्यावर चढलेली अस्वलाची पिल्लं, जवळ त्यांची आई, मागे धुकं. ते रशियन पुस्तकांच्या कुठल्याशा प्रदर्शनातून मास्तरांच्या हाती लागलं होतं. कोल्हापुरातल्या त्यांच्या माडीवर, पश्चिमेच्या खिडकीसमोर, ते टांगलेलं असे. दुपार कलली की ऊन थेट त्याच्यावर.

मास्तरांची एक पद्धत होती. नव्या पोरानं पहिलं वर्षभर दुसरं काही काढायचं नाही. तेच जंगल काढायचं. रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर जायचं ते त्यानंतर.

आमच्यापैकी कुणीही पाइनचं झाड पाहिलेलं नव्हतं. अस्वल पाहिलं होतं, तेही दरवेशाचं.

हुपरीकरचं नाव झालं ते निळ्या रंगामुळे. आंबोलीचं असो, दाजीपूरचं असो, त्यानं काढलेलं रान निळं असे. खोडं निळसर, पानं निळसर, ऊनसुद्धा गार. जाणकार ‘हुपरीकरांचा निळा’ असं लिहू लागले. काही दिवसांनी तो स्वतःही तसंच म्हणू लागला. हा रंग आणला कुठून, असं कुणी विचारलं की मान जरा उंच करून सांगे, “मूळ रशियन परंपरेतून.”

मग म्हातारपणी त्याच्या मुलीनं त्याला मॉस्कोला नेलं.

तिथल्या संग्रहालयात तो मूळ चित्रापुढे उभा राहिला. आधी त्याला वाटलं, आपण चुकीच्या दालनात आलो.

चित्र सोनेरी होतं.

धुक्यात निळा होता, नाही असं नाही. पण शेंड्यांवर मधासारखं ऊन होतं, खोडं तांबूस होती, आणि त्या उन्हाची ऊब खाली अस्वलांपर्यंत उतरत होती. त्याच चित्रकाराचं एक शेत त्यानं पाहिलं. पिकलेलं, कापणीला आलेलं धान्य, मधून गाडीवाट, आणि पिकात राखणदारासारखे उभे असलेले उंच पाइन. तेही सगळं सोनं. एक पावसाचं चित्र पाहिलं, ओकच्या रानातून छत्री घेऊन चाललेलं जोडपं. त्या पावसातसुद्धा ऊब होती, असं तो मला सांगत होता आणि सांगताना हात चोळत होता.

उलगडा मुलीनं केला. छापील चित्र वर्षानुवर्षं उन्हात राहिलं, की त्यातला पिवळा आणि तांबडा आधी उडतो. निळा आणि काळा मागे राहतात.

म्हणजे तो ज्याला परंपरा म्हणत होता, तो उन्हानं खाल्लेला एक कागद होता.

परतल्यापासून त्यानं ब्रश धरला नव्हता. घरी एक कॅनव्हास अर्धवट उभा होता. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा, बहुधा शेवटचा. त्याच्यावर त्यानं चादर टाकली होती. तो पुरा करायचा की तसाच सोडायचा, आणि करायचा तर कुठल्या रंगात, हे विचारायला तो आला होता. की भांडायला आला होता? मला वाटतं, त्याचं त्यालाही नक्की नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“ते विटतंय म्हणून.”

मास्तरांनी खारीचा भिजलेला तुकडा तोंडात टाकला. सावकाश गिळला.

“कागद हाय. उन्हात हाय. विटणारच की.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलं न्हाईस.”

...

हुपरीकर माझ्याकडे वळला. जणू मी पंच होतो.

तो बोलत सुटला. आपण कोवळं पोर होतो, खरं जंगल कसं असतं ते आपल्याला कुठून ठाऊक असणार, समोर जे टांगलं होतं ते आपण इमानानं काढलं, हे त्यानं दोन-तीनदा सांगितलं. पहिल्याच पावसाळ्यात त्यानं ते जंगल पुरं केलं तेव्हाची गोष्टही त्यानं काढली. ती मला आठवत होती. आमच्यातल्या बंडा कदमनं ते चित्र हातात धरून सगळ्यांना दाखवलं होतं आणि विचारलं होतं, “हुपऱ्या, आईची धुण्याची नीळ सांडली काय रं ह्यावर?” सगळी माडी हसली. हुपरीकर रडकुंडीला येऊन म्हणत होता, समोर आहे तसंच काढलंय.

मास्तर तेवढे हसले नव्हते. त्यांनी ब्रशच्या दांड्यानं त्या चित्रावर एकदा टकटक केलं आणि पुढच्या पोराकडे गेले. त्यांच्या टकटकीचा अर्थ चांगलं की वाईट, हे आम्हाला कधीच कळायचं नाही.

“प्रोफेसर, तू होतास तिथं,” हुपरीकर म्हणाला. “सांग ह्यांना. तेव्हाही ते निळंच होतं ना?”

मी आठवू लागलो. टर्पेंटाइनचा वास आठवला. कागदाच्या घडीवर एका पिल्लाचा कान फाटला होता, तो आठवला. रंग काही आठवेना.

मी होय म्हणालो. मग बहुतेक नाही म्हणालो. मग म्हणालो, खात्री नाही.

“हा पोरांना तत्त्वज्ञान शिकवायचा,” मास्तर खारीला म्हणाले.

हुपरीकरनं पिशवीतून पुठ्ठ्याची नळी काढली. संग्रहालयातून त्यानं मास्तरांसाठी त्याच चित्राची नवी, उत्तम प्रत आणली होती. ती पलंगावर उलगडली. कोपरे वर येऊ नयेत म्हणून एकावर बशी ठेवली, एकावर अडकित्ता, एकावर माझ्या चष्म्याचं घर, आणि उरलेला त्यानं स्वतः दाबून धरला.

खोलीत कुणीतरी दिवा लावावा तसं झालं. भिंतीवरचं जुनं चित्र त्यापुढे आजारी माणसासारखं दिसू लागलं.

“आता सांगा, मास्तर. खरं कुठलं?”

मास्तर पलंगावरून उतरले. दोन्ही चित्रं दिसतील असे उभे राहिले. डावा डोळा तळहातानं झाकला, पाहिलं. मग हात बदलून उजवा झाकला, पाहिलं.

“उजव्याचा मोतीबिंदू काढलाय परवा मिरजेला,” ते म्हणाले. “डाव्याचा ऱ्हायलाय अजून. उजव्यानं बघितलं तर तुझं हे नवं बी निळसर दिसतंय. डाव्यानं बघितलं तर भिंतीवरचं जुनं बी पिवळं.”

पुन्हा हात बदलला.

“ह्या डोळ्यानं तू बरोबर. ह्या डोळ्यानं तो रशियन बरोबर.”

“आणि दोन्ही डोळ्यांनी?”

“दोन्हीनं डोस्कं दुखतंय.”

मला हसू आलं. हुपरीकर हसला नाही. त्यानं कोपऱ्यावरचा हात काढला, तशी चित्राची एक बाजू आपोआप गुंडाळली गेली.

तो खुर्चीत बसला. नावाजलेला माणूस, पण त्या खुर्चीत तो पुन्हा शाळकरी दिसत होता.

“मास्तर, मी चेष्टेला आलो नाही,” तो हळू म्हणाला. “लोक ज्याला माझा निळा म्हणतात, तो माझा नव्हता. उन्हाचा होता. मी नुसती नक्कल केली, तीही विटल्याची. मग इतकी वर्षं मी काय काढलं? आणि आता घरी जाऊन त्या कॅनव्हासवर कुणाचा रंग लावू?”

...

आडोशाला झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं चालत मास्तर भिंतीकडे गेले. जुनं चित्र खिळ्यावरून उतरवलं.

मागची भिंत पोपटी निघाली. स्वच्छ, कोवळा पोपटी चौकोन. बाकीची भिंत चहाच्या रंगाची.

“ही माडी पोपटी होती?” मी विचारलं.

“तुम्ही दोघांनीच तर चित्र उतरवून रंगवली,” मास्तर म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणालाच ते आठवत नव्हतं.

मास्तरांनी बशी, अडकित्ता आणि माझं चष्म्याचं घर बाजूला केलं. नवी प्रत उचलून भिंतीपाशी नेली. वरच्या पांढऱ्या कडेत, अंदाजानं, तो गंजका खिळा आरपार जाऊ दिला. कागद फाटल्याचा आवाज आला. हुपरीकरनं डोळे मिटले.

त्यानं ते उघडले तेव्हा चित्र त्याच जागी लटकत होतं. ऊन खिडकीतून सरकत आलं होतं आणि अस्वलाच्या आईच्या पाठीवर टेकलं होतं.

“मास्तर, तिथं नको...” तो अर्धवट उठला. “तिथं ऊन येतं. हेही विटेल. उद्या एखादा पोरगा शिकायला येईल, विटलेलंच खरं समजेल, आणि माझ्यासारखा आयुष्यभर...”



मास्तर दोन पावलं मागे आले. मान तिरकी करून चित्राकडे पाहत राहिले, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग टेबलावरचा एक वाळलेला ब्रश उचलला आणि त्याच्या दांड्यानं हुपरीकरच्या खांद्यावर टकटक केलं.

“विटायला लई वर्षं लागतात, लेका. तू पहिल्यांदा हा जिना चढून आलास, त्याच्या आदल्या दिवशी ते जुनं मी टांगलं होतं. असंच, पिवळंधमक.”