दोऱ्यानं बांधलेलं शेपूट

सांगा, सांगा म्हणून दोन दिवस डोकं खाल्लंत. माझी शाळा दुसरीत सुटली, मला नटवून सांगता येत नाही. तरी ऐका, आणि मधे बोलू नका.

फार जुनी गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याला बाजाराचं गाव होतं. त्या डोंगरावरच्या बोकडाचं मटण न्यायला लांबलांबची माणसं यायची. पण कातडं उतरल्यावर बोकड कुठला आणि मेंढी कुठली, हे गिऱ्हाइकाला काय कळतंय? म्हणून राजानं नियम केला. टांगलेल्या बोकडाचं शेपूट शेवटचा तुकडा विकेपर्यंत कापायचं नाही. मेंढीचं मात्र टांगण्याआधीच कापायचं. शेपूट नाही ती मेंढी. फसवेल त्यानं गाव सोडायचं.

गावात एक म्हातारा खाटीक होता. सगळे त्याला आबा म्हणायचे. चाळीस वर्षं त्यानं डोंगरी बोकडाशिवाय काही टांगलं नव्हतं. समोर एक मेंढीवाला बसायचा. तो दिवसभर ओरडायचा, "मेंढी आहे, मेंढी! चावायला वेळ लागेल, पण आहे ती मेंढीच!" लोक हसायचे आणि आबाकडे रांग लावायचे.

एकदा दरड पडून डोंगराची वाट बंद झाली. बोकड आले नाहीत. आबानं बाजाराला मेंढी कापली. मेंढी म्हणूनच विकायची होती. पण बघतो तर रांग आधीच लागलेली. आता एकेकाला समजवा, एकेकाचं वाकडं तोंड बघा. गुडघे ठणकत होते. आदल्या दिवशी संपलेल्या शेवटच्या बोकडाचं शेपूट टोपलीत पडलं होतं. आबानं ते दोऱ्यानं मेंढीला बांधलं.

कुणी ओळखलं तर लगेच कबूल करायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. कुणी ओळखलं नाही. दुपारी पाटलाची स्वैपाकीण पुन्हा आली.

"आबा, अजून शेरभर द्या. मालक म्हणाले, डोंगराचा पाला लागतोय जिभेला!"

आबाला लाज वाटली, पण थकवा जास्त आला. म्हणजे चाळीस वर्षं हे लोक मटण खातच नव्हते, शेपूट खात होते. त्यानं ते शेपूट मीठ लावून ठेवलं. पुढच्या बाजाराला पुन्हा बांधलं. त्याच्या पुढच्यालाही.

त्या तिसऱ्या बाजाराला एका कुत्र्यानं खारट वासावर झेप घेतली, शेपूट हिसकलं आणि पळत सुटलं. कुठून हिसकलं ते आबाशिवाय कुणी पाहिलं नाही. समोरून कुणीतरी दगड भिरकावला, तसं कुत्र्यानं शेपूट टाकलं, ते नेमकं मेंढीवाल्याच्या पायाशी. शेपटाला दोरा लोंबत होता.

"सापडला लबाड!" एकच ओरडा झाला. "मेंढीला शेपूट बांधतोय!"

कोतवाल आला. लोकांनी मेंढीवाल्याचं छप्पर उपटायला घेतलं. त्याची बायको भांडी गोळा करू लागली.

मेंढीवाला म्हणाला, "अरे, सकाळपासून मेंढी मेंढी ओरडून माझा घसा बसला, आणि मी बोकड विकतोय होय? आबा, तुम्ही तरी सांगा यांना!"

सगळे आबाकडे वळले. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. आबानं सुरा खाली ठेवला.

"शेपूट माझं आहे. मी बांधलं होतं."

लोक हसले. कोतवाल म्हणाला, "आबा, तुमचं मन मोठं. पण याला वाचवायला स्वतःवर कशाला घेता?"

"मन मोठं नाही रे बाबा, मी चोर आहे!" आबा ओरडला. तरी कुणाला पटेना. शेवटी त्यानं टांगलेली मेंढी फिरवली आणि तुटलेल्या दोऱ्याचं दुसरं टोक दाखवलं. मग मात्र लोकांनी छपराला घातलेले हात काढले.

आबा मेंढीवाल्यापुढं गेला. "चुकलो," म्हणाला.

"चुकलात खरे," मेंढीवाला म्हणाला, आणि छप्पर नीट करायला लागला.

कोतवालानं वय बघून आबाला गावात राहू दिलं.

वाट मोकळी झाली. डोंगरावरून बोकड आले. आबानं चांगला बोकड टांगला, शेपूट जन्माचं. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं शेपूट ओढून बघितलं. दुसऱ्यानं जरा जोरात ओढलं. स्वैपाकिणीनं तर दोन्ही हातांनी ओढलं. आबा बघत बसला. दुपारपर्यंत ते खरं शेपूट ओढून ओढून कुणाच्या तरी हातात आलं.

"बघा!" तो माणूस म्हणाला, आणि रांग समोर मेंढीवाल्याकडे गेली.

बोध एवढाच: खोट्या मालाला एकदा खरी खूण लावलीत, की पुढं खऱ्या मालाची खूणही खोटी ठरते.

आबानं निदान तोंडानं चुकलो म्हटलं. मला गावरान म्हणून पोल्ट्रीतली कोंबडी दिलीस, तुझं काय रे सावळाराम?