बुडाला भोक असलेली कुंडी

झाडं आपली जागा आपणच निवडायची, तेव्हाची गोष्ट. हौसाक्काच्या बागेत लॅव्हेंडरच्या दोन बहिणी आल्या. थोरली उंच, ऐसपैस वाढणारी, धाकटी ठेंगणी.

दारात दोन कुंड्या होत्या. चिनी मातीची निळी कुंडी तोऱ्यात म्हणाली, "माझ्यातून थेंब सांडत नाही. त्या साध्या मातीच्या कुंडीच्या बुडाला तर भोक आहे!"

थोरली लगेच निळीत जाऊन बसली.

धाकटी म्हणाली, "ताई, आपल्या मुळांना ओल सोसत नाही. मला लहानशी भोकाची कुंडी पुरे. तुला उतारावरची मोकळी जमीनच हवी."

थोरली नुसती फिसकन हसली.

श्रावणात पाऊस लागून राहिला. धाकटीच्या कुंडीतलं पाणी खालून निघून गेलं. थोरली मात्र गळ्यापर्यंत बुडाली. "मेली असतीस की गं!" म्हणत हौसाक्कानं तिला उपटलं आणि उतारावर लावलं. वर्षभरात थोरलीनं निम्मा उतार जांभळा केला.

रिकामी निळी कुंडी हौसाक्कानं उन्हाळ्यात पाण्यानं भरून चिमण्यांसाठी अंगणात ठेवली. तिचा तोरा तसाच होता. "बघा, थेंब सांडत नाही!"

चिमण्या म्हणाल्या, "म्हणून तर येतो, बाई."