मालकीचा केर

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी साठ उंबऱ्यांचं गाव होतं. गाव इतकं लख्ख, की वाटसरू मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जेवायला थांबत.

ही सारी करणी तानूबाईची. रोज सकाळी गाढवावर दोन टोपल्या घालून ती दारोदारचा केर उचले. मग गावाबाहेर आंब्याखाली बसून तो निवडे. सालं-देठं खताच्या खड्ड्यात, चिंध्या वाकळांना, राख भांडी घासायला, खापऱ्या कुटून चुन्यात घालायला. टाकून द्यावं असं तिच्यापाशी शेवटी काही उरतच नसे. धन्य ती बाई! आपल्याला तांदूळ निवडायचाही कंटाळा येतो.

बदल्यात दर पुनवेला प्रत्येक घर तिला ओंजळभर धान्य देई. त्यावर ती आणि तिचं गाढव जगत.

एकदा पाटलांनी पाहिलं, की मळेवाला तानूबाईकडून खत नेतो आणि तिला गुळाची ढेप देतो. झालं! पाटलांच्या पोटात दुखू लागलं. चावडीवर ते म्हणाले, "केर आमचा, अन् गूळ खाणार ही? उलट हिनंच आपल्याला काहीतरी द्यायला पाहिजे."

गावाला ते पटलं. फुकटाची गोष्ट लवकर पटते. त्या पुनवेला एकोणसाठ दारं बंद राहिली. एकटा म्हातारा बुरूड ओंजळ भरून उभा होता.

"आजा, तुमचा केर तो केवढा, मूठभर. राहू द्या," तानूबाई म्हणाली.

"केर मूठभर गं पोरी, पण चालतो मी साऱ्या गावाच्या वाटेनं," म्हातारा म्हणाला.

एका ओंजळीवर दोन पोटं भरत नाहीत. तानूबाई चावडीवर गेली. रडली नाही, भांडली नाही. "पाटील, माल तुमचा, तर तुमच्यापाशीच ठेवा. पुढल्या पुनवेपर्यंत थांबते. मग नदीपल्याडच्या गावी जाईन. ते बोलावतायत मला."

गाव आपापला माल जपू लागलं. कुणी सालं पोत्यानं झाकली, कुणी उकिरड्याला कुंपण घातलं. पाटलांनी परसात खड्डा खणून सगळं एकत्र लोटलं. सालं, चिंध्या, बांगड्यांच्या काचा, काही म्हणून सोडलं नाही. महिन्याभरात त्यातून खत नव्हे, उंदीर निघाले आणि थेट धान्याच्या कणगीत शिरले. माश्यांनी जेवणं अवघड केली. वाटसरू नाक धरून पुढे जाऊ लागले.

मळेवाल्याने खड्ड्यात डोकावून पाहिलं. "पाटील, यात काचा आहेत. माझ्या बैलांचे पाय कापायचेत का?"

मग पाटील स्वतः निवडायला बसले. घटकाभरात चार बोटं कापली आणि निवडून झाली जेमतेम अर्धी टोपली. तानूबाईचे हात कसे असतील, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

पुनवेच्या सकाळी तानूबाई गाढवावर बिऱ्हाड लादून निघाली, तर वेशीत सारं गाव उभं. पुढे पाटील. ओंजळ भरलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"तानूबाई, गूळ तुमच्या कसबाचा होता. आमचं नुसतं ओझं, तेही तुम्हीच वाहिलंत. जाऊ नका."

तानूबाईने त्यांची बोटं पाहिली आणि गाढवाचा कासरा सोडला. "ओंजळ घेईन पाटील. पण सालं वेगळी आणि काच वेगळी, घरूनच करून द्यायची."

"देऊ," सारं गाव म्हणालं. आणि खरंच दिलं. पुढे त्या गावात नवी सून आली, की सासू तिला देवघराआधी केराच्या दोन टोपल्या दाखवू लागली. आणि पुनवेची पहिली ओंजळ पाटलांच्या घरून जाऊ लागली.

लहानांनो आणि थोरांनो, तात्पर्य एवढंच: आपली घाण उचलणाऱ्या हातांचं मोल आनंदाने द्यावं, कारण ते हात थांबले तर वाड्याचाही उकिरडा होतो.