वरची ओळ

"एवढ्याशा चुकीसाठी भाषेच्या पोटात हात घालायचा, सर?"

निषाद उभ्यानेच विचारत होता. केळुसकर सर शेंगा सोलत बसले होते. संगणकाची ही भाषा त्यांनीच रचलेली. आता ती सांभाळायचं काम निषादकडे होतं, आणि नवी आवृत्ती संध्याकाळी निघायची होती.

"चूक काय, ते तर सांग."

"प्रोग्रॅम सातव्या ओळीत चुकला की ही आठवी दाखवते. कधीकधी. बस."

"मग लोक काय करतात?"

"वरची ओळ बघतात. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना..."

"इतक्या वर्षांत एक तक्रार नाही, सर. त्यापेक्षा आज हिच्या वेगावर काम करू द्या. नाव होईल."

"कुणाचं?"

"...भाषेचं."

सरांनी एक शेंग पुढे केली. निषादने घेतली नाही.

तेवढ्यात दार खडखडलं. थांबलं. पुन्हा खडखडलं.

"ढकला," निषाद ओरडला.

"ढकलतेय..." बाहेरून बारीक आवाज आला.

"तसं नाही. जरा वर उचलून ढकला."

दार उघडलं आणि दाराबरोबरच एक मुलगी आत आली. मृण्मयी, याच आठवड्यात ही भाषा शिकायला सरांच्या वर्गात आलेली. मागे दार आपटलं तशी ती दचकली.

"बराच वेळ उभी होतीस का गं?" सरांनी विचारलं.

"हो... म्हणजे, वाटलं आतून कडी असेल. परतच निघाले होते." तिने ओढणी सावरली. "सर, मी वर्ग सोडतेय. मला नाही जमणार हे. सकाळपासून आठवी ओळ पुसून पुसून लिहितेय. तरी मशीन म्हणतं, चूक आठवीतच."

"अगं, वरची बघायची," निषाद पटकन म्हणाला.

"का?"

निषादने सरांकडे पाहिलं.

सर हसले. मूठभर शेंगा त्यांनी मृण्मयीच्या हातावर ठेवल्या. "बस आधी. वर्ग काय, उद्याही सोडता येतो."

निषादने स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"करतो, सर," तो हळूच म्हणाला. "वेगाचं उरकलं की लगेच. पुढच्या आवृत्तीत नक्की."

सरांनी आणखी एक शेंग फोडली.

"आजच कर. उद्यापर्यंत ही पण वरची ओळ बघायला शिकेल."